टाकीचा वास आणि शिवरंजनीचे डोहाळे

३० डिसेंबर २०२४, येळवस

बियाणं कंपनीची डायरी फुकट मिळाली म्हणून लिहीत नाही, ठरवून लिहायला बसलोय. मुरूममध्ये तीस वर्षं गॅरेज चालवतो. गौरीशंकर मिस्त्री म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतील, पण नाकवाले मिस्त्री म्हणलं की शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. बॉनेट उघडायच्या आत मी वासावरनं सांगतो, क्लच जळालाय का कूलंट गळतंय का मीटरमागं वायर तापलीय. ही विद्या माझ्याबरोबर स्मशानात जायला नको. म्हणून रोजचं लिहून ठेवणार.

आज वेळ अमावस्या, मेहुण्याच्या शेतात येळवस झाली. कडब्याच्या कोपीत पूजा, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकाची अंबील, सगळं रीतीप्रमाणं. पण भज्जीला यंदा दम नव्हता. महानंदाला म्हणलं, "हिरव्या चिंचेचा वास कुठाय? लसणाचा वास कुठाय?" ती म्हणाली, "तेच हात, तीच भज्जी." मी म्हणलं, मग लसूण हायब्रीड असणार. हल्ली कशालाच पहिल्यासारखा वास राहिला नाही. कोथिंबीर म्हणजे नुसता हिरवा पाला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ताटात अजून एक पळी वाढली. बायकोला हरवणं सोपं नसतं, आज हरवली.

३ जानेवारी

रेवणप्पाअण्णा गाडी घेऊन आले. अण्णा म्हणजे मुरूमच्या मोंढ्यातले तुरीचे अडते. पोत्यात हात घालून तूर किती वल्ली हाय ते सांगणारा माणूस. दसऱ्याला त्यांनी पांढरी, उंच, पेट्रोलची एसयूव्ही घेतली. पेट्रोलची का, तर डिझेलच्या गाडीचा आवाज म्हाळसाबाईंना सोसत नाही. म्हाळसाबाई म्हणजे अण्णांची बायको.

अण्णांचं तोंड उतरलेलं. त्यांची धाकटी, शिवरंजनी, आळंदला दिलेली. तिकडं हायस्कूलात सायन्स शिकवते. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलीय. सोलापूरच्या डॉक्टरणीनं दर महिन्याला बोलावलंय, बीपी वाढतंय म्हणून. काल अण्णा तिला घेऊन निघाले. जळकोटला पोहोचेपर्यंत पोरीला दोन उलट्या. म्हणाली, गाडीत पेट्रोलचा वास येतोय. अण्णांनी नाक वर करून बघितलं, पण अण्णांच्या नाकात चाळीस वर्षांची तपकीर. पोर जळकोटला उतरली आणि सरळ एसटीत बसून मुरूमला परत आली.

"मिस्त्री, अख्ख्या स्टँडनं बघितलं," अण्णा म्हणाले. "दारात एवढी मोठी गाडी अन् पोटुशी पोर येष्टीतनं उतरली. लोकं काय म्हणतील? तुमी एकदा हुंगा."

हुंगलं. चारी दारं उघडून, सीटखाली डोकं घालून, टाकीच्या झाकणाला नाक लावून. एक थेंबसुद्धा वास नाही. मी म्हणलं, "अण्णा, गाडी लोण्यासारखी हाय. पोरीला डोहाळे लागलेत."

अण्णांचा चेहरा फुलला. "आमची म्हाळसाबी तेच म्हणती! कुणाला माती खावीशी वाटती, हिला पेट्रोलचा वास येतो."

चहा पाजूनच सोडलं त्यांनी मला. निदान असं झटक्यात व्हायला पाहिजे.

६ जानेवारी

अण्णांबरोबर पंपावर गेलो, हवा बघायला. अण्णांनी टाकी फुल्ल करायला सांगितली; ती भरून पेट्रोलची नळी आपोआप कट झाली तसा पंपावरचा माणूस बाजूला झाला. अण्णा म्हणाले, "हाण अजून." परत कट. मग अण्णांनी गाडीच्या मागच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावले आणि गाडी डोलवायला लागले. पोतं हलवतात तशी. "बसू दे, बसू दे. हलिवल्याबिगर माप भरतंय व्हय? मिस्त्री, तिकडनं लावा हात."

मीपण लावला. गाडी पाळण्यासारखी हलवली, आत बुडबुड झालं, अजून तीन लिटर गेलं. परत हलवली, अजून पाऊण लिटर. झाकणापर्यंत काठोकाठ! चाळीस वर्षं मापं भरलेला माणूस, त्याला कोण फसवणार. असं शहाणपण शोरूममध्ये शिकवत नाहीत.

निघताना गाडी सेल घेईना. पाच-सहा वेळा खर्रखर्र केल्यावर लागली. थंडीचे दिवस आहेत.

९ जानेवारी

आज दुपारी शिवरंजनी स्वतः गॅरेजवर आली. चालत. मी टायरवर फडकं टाकून बस म्हणलं तर उभीच राहिली.

"काका, तुमी गाडीत काय न्हाय म्हणून सांगितलं?"

"व्हय. असं व्हतं गं ह्या दिवसांत. आमची महानंदा चौथ्या महिन्यात राकेलच्या बाटलीजवळ जाऊन बसायची."

"मला चिंच खावी वाटत न्हाय, माती खावी वाटत न्हाय. एसटीत मळमळत न्हाय, रिक्षात न्हाय, ह्यांच्या मोटारसायकलवर न्हाय. फक्त ह्याच गाडीत. डोहाळे काय गाडीचा नंबर बघून लागतात व्हय?"

वर्गात पोरं हिच्यापुढं कशी बसत असतील देव जाणे. डॉक्टरणीनं फोनवर सांगितलंय म्हणे की आता बसचे धक्के बंद, आठव्या महिन्यापासून तर अजिबात नाही. अण्णा म्हणतात दारात गाडी असताना भाड्याची आणणार नाही, माझी अब्रू जाईल. पोर म्हणते ह्या गाडीत मी बसणार नाही, माझा जीव जाईल. म्हणजे तपासणीला जायचंच नाही असं झालं. पुढची तारीख एकतीस जानेवारी.

तिचं समाधान म्हणून टाकीचं झाकण नवीन बसवलं. जुन्या झाकणाचं रबर चांगलंच होतं. पण माणसाचं मन राखावं लागतं.

१४ जानेवारी, संक्रांत

महानंदानं तीळ भाजायला ठेवले आणि शेजारी वाण द्यायला गेली. मी तिथंच पेपर वाचत होतो. ती आली आणि किंचाळली. कढईत तीळ काळे ठिक्कर. "अहो, घरभर धूर झालाय! तुमी बसलाय की झोपलाय?" मी म्हणलं पेपरात लक्ष होतं. हल्ली तिचा आवाज वाढलाय. आणि एक नवीनच खूळ, दर दोन तासांनी येऊन गॅसचं बटण चाचपते. मी घरात असलो तर जास्तच.

वयाबरोबर बायकांना वहम होतात.

१७ जानेवारी

झाकण बदलून उपयोग झाला नाही. म्हाळसाबाईंनी पोरीला देवळापर्यंत गाडीत बसवलं, पोर तोंडाला पदर लावून उतरली. अण्णांनी तिला झापलं. "मिस्त्रीचं नाक खोटं अन् तुझं खरं?" हे मला अण्णांनीच कौतुकानं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मग का कोण जाणे, तेवढं बरं वाटेना.

म्हणून उमरग्याच्या ज्ञानोबाला बोलावलं. तो गाड्यांची वायरिंग करतो, त्याच्याकडं स्कॅनर आहे. मी यंत्राला मानत नाही, पण पोरीची खात्री पटावी. स्टेअरिंगखाली पिन खुपसली, पाच मिनिटं आकडे पळाले, शेवटी म्हणे एकही फॉल्ट नाही. ज्ञानोबानं जाताना नाक पुसत विचारलं, "मिस्त्री, इथं पेट्रोल सांडलं होतं का?" मी म्हणलं गॅरेज आहे बाबा, अत्तराचं दुकान नाही.

तर मशीन, मी, अण्णा, म्हाळसाबाई सगळे एका बाजूला. पोर एकटी. तरी ती मागं हटत नाही. जिद्द बापाची घेतलीय.

२१ जानेवारी

शिवरंजनी परत आली. रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली खुर्ची मागवून बसली आणि मला तिकडं बोलावलं. म्हणाली, तुमच्या गॅरेजजवळ गाडी हाय, मी येणार न्हाय. हातात वहीचं पान. त्यावर तारखा. अण्णांनी पेट्रोल कधी भरलं, वास कधी जास्त, कधी कमी, गाडी उन्हात होती का सावलीत.

"बघा काका. भरलं त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी वास सगळ्यात जास्त. मागच्या उजव्या बाजूला. उन्हात उभी केली की अजून. चार-पाच दिवस चालवली की कमी. परत भरलं की परत सुरू. अन् भरल्यावर गाडी सेल घेत न्हाय, खरं का न्हाय?"

खरं होतं. सहा तारखेला मीच बघितलं होतं. मी थंडीवर घातलं होतं.

मग तिनं पिशवीतनं गाडीचं पुस्तक काढलं. पेटीसकट, वरचं प्लास्टिक तिनंच फाडलेलं. अख्ख्या तालुक्यात हे पुस्तक कुणी वाचलं असेल तर शप्पथ. इंग्रजीत होतं, ती वाचत गेली आणि मला मराठीत सांगत गेली. टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर जाऊ नये म्हणून एका डब्यात कोळसा भरलेला असतो, वाफ त्या कोळशात मुरते. गाडी चालली की इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. आणि खाली काळ्या अक्षरात लिहिलेलं, नळी एकदा कट झाली की वर पेट्रोल भरू नका, डब्यात पेट्रोल शिरेल.

"कोळसा? गाडीत?" मी म्हणलं.

"व्हय. अन् आमचे अण्णा टाकी कशी भरतात, तुमाला माहिती हाय?"

मला चांगलंच माहिती होतं. दुसऱ्या बाजूनं गाडीला हात कुणाचा होता तेही माहिती होतं. तेवढं मात्र मी तिला सांगितलं नाही. उद्या डबा उतरवतो म्हणलं.

२२ जानेवारी

आज अक्षर वाकडं येईल.

दुपारी गाडी जॅकवर घेतली. मागच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला काळा डबा. तीन तोंडं त्याला. एक नळी टाकीकडनं, एक इंजिनकडं, एक हवेला उघडी. क्लिपा काढल्या, डबा हातात आला आणि हात खाली गेला. कोळसा एवढा जड नसतो. हलवून बघितला तर आत डुचमळतंय, नारळासारखं. पेट्रोल. एक तोंड खाली झालं तर बनियनवर ओघळ आला. पोरीचं खरं होतं. अक्षर न अक्षर खरं.

डबा बाकड्यावर ठेवला. बाहेर धूळ उडत होती म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. दिवेलागणीची वेळ झाली होती. रोज ह्या वेळेला मी बसवण्णांच्या फोटोपुढं धूप लावतो, तीस वर्षांचा नेम. आज उशीर झाला म्हणून घाईनं काडेपेटी घेतली. पहिली काडी मोडली. दुसरी काढली आणि शटरखालनं महानंदा वाकून आत आली. चहाची किटली तिच्या हातातनं पडली. तिनं मागचापुढचा विचार न करता माझ्या हातावर फटका मारला. काडेपेटी उडून ऑईलच्या ट्रेमध्ये पडली. तिनं मला दंडाला धरून ओढत बाहेर रस्त्यावर आणलं. तीस वर्षांत तिनं माझ्यावर हात उचलला नव्हता.

"येड लागलंय का तुला?" मी ओरडलो. रस्त्यावर चार माणसं थांबली.

तिनं दंड सोडला नाही. "वास न्हाय आला तुमाला?"

"कसला वास?"

तिनं नुसतं गॅरेजकडं बोट केलं. मी परत विचारलं, "कसला वास गं?" पलीकडच्या पानटपरीवाल्यानं तिकडनंच उत्तर दिलं, "ओ मिस्त्री, पेट्रोलचा! इथपर्यंत येतोय."

शटर वर करून गॅरेज मोकळं सोडलं. मी पायरीवर बसून राहिलो. वारा माझ्या तोंडावर येत होता, पलीकडच्या भज्याच्या कढईवरनं. मी जोरात श्वास घेतला. काहीच नाही. नुसती थंड हवा.

२३ जानेवारी

सकाळी महानंदानं माझे डोळे पदरानं बांधले आणि परीक्षा घेतली. काहीतरी नाकाशी धरलं. मी म्हणलं, उदबत्ती. ती म्हणाली, हिंग. पुढचं. मी म्हणलं, साबण असेल. ती म्हणाली, लसूण ठेचलाय, एक अख्खा गड्डा. तिसऱ्याला मी घाबरून काहीच बोललो नाही. ते म्हणे माझेच पायमोजे होते.

दोघंही हसलो. मग मला रडू आलं. सरळ लिहितो, लपवण्यात काय अर्थ. नाकवाला म्हणून जगलो आणि नाकच गेलंय. दसऱ्याला चार दिवस ताप आला होता, तेव्हापासनं. मी चार महिने लसणाला, कोथिंबिरीला, उदबत्तीवाल्याला शिव्या घातल्या.

"तुला माहिती होतं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. चिवड्याचं तेल खवट झालं होतं, तुमी तीन वाट्या खाल्ला."

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर मानलं असतं? मलाच म्हणला असता, तुझं नाक हायब्रीड हाय."

म्हणून ती दर दोन तासांनी गॅसचं बटण चाचपत होती. आणि मी ह्याच वहीत काय लिहून ठेवलंय ते मागं उलटून वाचलं. खोडणार होतो. राहू दे.

पण खरं दुखतंय ते वेगळंच. माझं नाक गेलं ते माझं नशीब. त्या नाकाच्या जिवावर मी एका पोरीला खोटं पाडलं. तिच्या घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण नाकवाला मिस्त्री बोलला. आणि मी कुणालाही सांगितलं नाही तर कुणाला कळणारही नाही. डबा बदलायचा, कंपनीचा माल खराब म्हणायचं, नाव शाबूत.

महानंदाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बगा बाबा, तुमचं तुमी." असं म्हणाली की समजावं, एकच रस्ता आहे.

२९ जानेवारी

सोलापूरहून नवा डबा आला. दोन्ही डबे पिशवीत घालून मोंढ्यात गेलो. जुना तसाच ठेवला होता, तोंडं घट्ट बांधून, घरामागच्या मोकळ्या पत्र्याखाली. अण्णा गादीवर, समोर दोन शेतकरी, हमाल, मुनीम. शिवरंजनी जेवणाचा डबा घेऊन आली होती, तीही होती. मनात म्हणलं, एकांतात सांगावं. मग म्हणलं, खोटं पाडलं ते चारचौघांत, आता खरंही चारचौघांत.

"अण्णा, काटा मोकळा हाय का?"

अण्णांना काटा म्हणलं की कान टवकारतात. नवा डबा ठेवला, एक किलो दोनशे. जुना ठेवला, दोन किलो दीडशे. अण्णांनी भुवया चढवल्या. एकाच मापाच्या दोन वस्तूंत एवढा फरक? जुना डबा उचलून कानाशी हलवला. नाकानं नाही कळलं ते त्यांना हातानं कळलं.

"हे वल्लं हाय," अण्णा म्हणाले.

"व्हय. कोरडा कोळसा पायजे, पेट्रोलनं भिजलाय. त्याचाच वास गाडीत शिरतोय."

"वल्लं माल म्या घेत न्हाय. कंपनीनं मला वल्लं माल दिला?"

"कंपनीनं न्हाय अण्णा. तुमी अन् म्या भिजवलाय. गाडी हलवून हलवून. टाकीत वर मोकळी जागा ठेवलेली असती, वाफेला. आपण ती भरून टाकली, मग पेट्रोल जाईल कुठं?"

अण्णा हबकले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना सांगत होतं की माप हलवू नका. मुनीम खाली बघून हसत होता.

मग मी ते बोललो. पाठ करून आलो होतो, पण सगळं विसरलो. म्हणलं, "अन् अजून एक. शिवरंजनीला डोहाळे नव्हते. तिला वास येत होता, मला येत नव्हता. माझं नाक गेलंय, दसऱ्यापासनं. भजी बी कळत न्हायत अन् पेट्रोल बी कळत न्हाय. म्या तिला खोटं पाडलं. माफ कर पोरी."

हमालानं पाठीवरचं पोतं तसंच धरून ठेवलं होतं. शिवरंजनी हातातल्या जेवणाच्या डब्याची कडी लावत होती, काढत होती.

"काका," ती म्हणाली, "दोन आठवडे मी स्वतःलाच येडी समजायला लागले होते. रात्री उठून हात हुंगायचे, खरंच वास येतोय का बघायला. शाळेत पोरांना सांगते, जे दिसतं ते लिवा, कुणी काय म्हणू द्या. अन् स्वतःच्या बाबतीत मीच डगमगले." मग तिचे डोळे भरले आणि ती हसलीसुद्धा. "आई तर मला अंगारा लावत होती."

अण्णांनी पोरीची माफी मागितली नाही. बाप माणूस, जमत नाही. त्यांनी जेवणाचा डबा उघडला, पहिला घास तिच्यापुढं केला आणि म्हणाले, "खा गं, उपाशी आलीस व्हय?"

३१ जानेवारी

डबा काल बसवला. आज सोलापूरला निघण्याआधी पंपावर मला बरोबर नेलं. नळी कट झाली. अण्णांचे दोन्ही हात आपोआप गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडं निघाले. मागच्या सीटवरनं शिवरंजनीनं काच खाली केली. नुसतं बघितलं. अण्णांनी हात खिशात घातले. "बास," म्हणाले पंपवाल्याला. पण म्हणताना चेहरा असा केला, जणू कुणीतरी तुरीच्या पोत्यातली चार मापं त्यांच्यासमोर काढून नेलीत.

संध्याकाळी फोन आला. पोरीला गाडीत झोप लागली म्हणे, नळदुर्गपासनं थेट सोलापूर.

१२ फेब्रुवारी

मुरूम गाव लहान आहे. माझं नाक गेल्याची बातमी आता आळंदपर्यंत पोहोचलीय. परवा एकजण आला, मला म्हणाला, "मिस्त्री, वाईट वाटलं, कधी गेलं?" असं विचारलं की सुतकात असल्यासारखं वाटतं. उमरग्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब हुंगायचे, एकेक मिनिट, मन लावून. येईलही परत, नाहीही. मी पाटावर बसून चार वाट्या पुढं घेऊन हुंगतो. महानंदा म्हणते, नैवेद्य दाखवल्यासारखं दिसतं.

पहिला आठवडा कुणी गाडी घेऊन आलं नाही. मी रोज शटर उघडून बसायचो. मग एक दिवस महानंदा जेवण घेऊन आली आणि गॅरेजात थांबली. कोपऱ्यात आधीपासनं पडलेली एक जीप होती, तिच्याजवळनं जाताना म्हणाली, "ह्याला गुळाचा पाक जळल्यावानी वास येतोय." मी उडालोच. कूलंट! हीटरचा पाईप गळत होता, थेंब थेंब. तिला म्हणलं अजून सांग. तिनं पदर खोचला.

आता ती दुपारी दोन तास येते. तिच्यासाठी स्टूल घेतलंय. क्लचला ती जळकं शिंग म्हणते आणि गिअर ऑईलला कुजका कांदा, पण मला बरोबर कळतं. गिऱ्हाईकं परत यायला लागली. दोघं तर मला सोडून सरळ तिलाच विचारतात, "वहिनी, जरा बघा की." थोडं लागतं मनाला. थोडंच.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे जळले होते म्हणे. मला चांगली लागली.

२० मार्च

शिवरंजनी बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. अण्णांनी मोंढ्यात पेढे वाटले. मापानं नाही, मूठ भरून.

२५ मार्च

बाळाला आज त्याच गाडीतनं मुरूमला आणलं. आम्ही दोघं बघायला गेलो. माजघरात बायकांचा गराडा, जो तो बाळाला उचलून टाळू हुंगत होता. "अगं बाई, काय गोड वास!" म्हाळसाबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं. मी मान खाली घातली, जमेल तेवढा श्वास ओढला. चार वाट्या रोज हुंगून जे शिकलो ते सगळं लावलं. काही नाही.

"लई गोड वास हाय," मी म्हणलं.

बाजेवर पडल्या पडल्या शिवरंजनी म्हणाली, "काका. परत?"

मी तिच्याकडं बघितलं, म्हणलं, "काय न्हाय आला गं. काय म्हंजे काय न्हाय."

"मग मी सांगते. ऐका. तापवलेल्या दुधावर फुंकर मारल्यावर येतो ना, तसा. त्यात जरासा धुरीचा. अन् मानेपाशी नवीन सुती कापड उन्हात वाळवल्यावर येतो तसा." ती सावकाश सांगत होती, वर्गात सांगितल्यासारखं. मी डोळे मिटले. वास आला नाही. पण कुठला वास आहे ते समजलं. माझं बोट बाळाच्या मुठीत होतं.

तेवढ्यात माझी मांडी गरम झाली. पुढच्या क्षणी सगळ्या बायकांनी एकदम पदर नाकाला लावले. "अगं बाई! अगं घ्या तिला!" कुणी पाणी आणायला पळालं, कुणी दुपटं शोधायला, महानंदा तर सरळ खिडकीशी गेली. अण्णा दारातनंच मागं फिरले. माजघर रिकामं झालं. बाळ ओठ मुडपून माझ्याकडं बघत होतं, एकदम निवांत.

"राहू द्या काकांकडंच," शिवरंजनी हसत हसत म्हणाली. "ते एकटेच बसू शकतात."

मी बसलो. दुपटं सापडायला दहा मिनिटं लागली, तोवर बाळ माझ्या मांडीवर झोपून गेलं.